रविवारचा एक तास: नवा राजकीय कार्यक्रम आणणाऱ्या वाहिनीला खुलं पत्र

प्रति,
रविवारचा नवा राजकीय कार्यक्रम सुरू करणाऱ्या खासगी वृत्तवाहिनीचे संपादक, कार्यक्रमप्रमुख आणि मालक यांस

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेले दहा दिवस दर ब्रेकला तुमचा प्रोमो लागतोय. काळोख, ढोल, ज्वाळा, सहा चौकटींत सहा चेहरे आणि सहाही तोंडं उघडी. मग काच फुटल्याचा आवाज, कार्यक्रमाचं नाव, आणि खाली दर रविवारी सकाळी अकराची वेळ. तीस सेकंदांच्या त्या जाहिरातीत कुणाला काय विचारणार, याबद्दल अवाक्षर नाही. युद्ध आहे एवढं कळतं. कशावरून, ते कळत नाही.

वाहिनीचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. शिवाय नाव बदललं तरी या पत्रातला मजकूर फारसा बदलावा लागणार नाही, आणि मला सलतं ते हेच.

मी तुमची प्रेक्षक आहे, पण तेवढ्याच नात्याने लिहीत नाही. नऊ वर्षं मी तुमच्याकडे गेस्ट कोऑर्डिनेशनला होते. ज्यांना हे खातं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: चर्चेच्या कार्यक्रमात जी माणसं खिडक्यांमध्ये बसलेली दिसतात, त्यांना फोन करून बसवणारी मी. दुपारी चारच्या बैठकीत विषय ठरायचा आणि साडेसहापर्यंत सहा खिडक्या भरायच्या. विषय धरणाचा असो, दवाखान्याचा असो की पक्षफुटीचा, माझी वही एकच. वहीत नाव, नावापुढे नंबर, आणि नंबरापुढे माझ्या अक्षरात शेरे. 'आवाज चांगला.' 'लवकर तापतात.' 'अमक्यांच्या समोर बसवावं, रंगतं.' 'गाडी पाठवावी लागते.' अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकांच्या नावापुढे लिहिलंय: 'नको. समजावून सांगत बसतात.'

हा शेरा माझाच. कुणी लिहायला लावला नव्हता. एका संध्याकाळी त्यांनी अर्थसंकल्पातली तूट म्हणजे काय हे सांगायला घेतलं, दीड मिनिट बोलले, आणि माझ्या कानात निर्मात्याचा आवाज आला, 'यांना कुणी आणलं?' त्यानंतर मी त्यांना कधी फोन केला नाही. नोकरी सोडताना वही माझ्याबरोबर घरी आली. परवा तुमचा प्रोमो तिसऱ्यांदा पाहिला आणि ती कपाटातून काढली. म्हणून हे पत्र.

आधी एक मान्य करते. रविवारी राजकीय कार्यक्रम आणायचा तुमचा निर्णय मला आवडला. आठवडाभर रोज संध्याकाळी जे चालतं त्याला निदान एक सबब असते: वेळ नव्हता. चारला विषय, सातला प्रक्षेपण, मग हाताला लागेल त्या माणसाला बसवा. साप्ताहिक कार्यक्रमाला सहा दिवस मिळतात. या सहा दिवसांत कागद वाचता येतात, जागेवर जाऊन येता येतं, ज्याला प्रश्न विचारायचा त्याचं चार वर्षांपूर्वीचं भाषण शोधता येतं. ही उसंत हेच रविवारचं भांडवल. तुमच्या प्रोमोकडे पाहिलं तर ते भांडवल पहिल्याच दिवशी उधळायचं ठरलेलं दिसतं. रोजचीच सहा खिडक्यांची चर्चा, फक्त रविवारी सकाळी आणि जास्त मोठ्या आवाजात.

या प्रकारच्या कार्यक्रमाचा इतिहास तुम्हाला मी सांगायचा म्हणजे काजव्याने सूर्याला उजेड दाखवण्यासारखं. तरीही थोडा सांगते, कारण पत्र इतरही वाचणार आहेत.

अमेरिकेत एनबीसी या व्यापारी वाहिनीवर 'मीट द प्रेस' ६ नोव्हेंबर १९४७ रोजी सुरू झाला आणि आजही चालू आहे. जगातला सर्वांत दीर्घकाळ चाललेला टीव्ही कार्यक्रम म्हणून त्याची नोंद होते. त्याची पहिली सूत्रसंचालक एक बाई होती, मार्था राउंट्री, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं. मांडणी अगदी साधी: एक पाहुणा आणि समोर प्रश्न विचारणारे पत्रकार. सीबीएसचा 'फेस द नेशन' १९५४ साली आला. पहिला पाहुणा कम्युनिस्टांविरुद्धच्या मोहिमेमुळे दरारा असलेला सिनेटर जोसेफ मॅकार्थी, म्हणजे त्या वेळी ज्याला प्रश्न विचारायला भलेभले कचरत होते तो माणूस. त्याच कार्यक्रमाने १९५७ साली क्रेमलिनमध्ये जाऊन सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हची मुलाखत घेतली. ऑस्ट्रेलियात नाइन नेटवर्कने १९८१ साली 'संडे' सुरू केला आणि २००८पर्यंत चालवला. पत्रकार लॉरी ओक्स यांच्या त्यातल्या राजकीय मुलाखतींमधून बातमी निघायची. ही सगळी खासगी, जाहिरातींवर चालणारी दुकानं होती. एकही धर्मादाय संस्था नव्हती.

माझा जीव मात्र ब्रिटनच्या 'वीकेंड वर्ल्ड'मध्ये अडकलाय. लंडन वीकेंड टेलिव्हिजन ही कंपनीच मुळात शुक्रवार संध्याकाळ ते रविवार एवढ्याच प्रक्षेपणाचा परवाना मिळालेली. तिने १९७२ ते १९८८ हा कार्यक्रम रविवारी दुपारच्या सुमारास दाखवला. त्याचे संपादक राहिलेले जॉन बर्ट आणि सूत्रसंचालक पीटर जे या दोघांनी १९७५ साली 'द टाइम्स'मध्ये लिहिलं, की टीव्ही पत्रकारितेत पक्षपात आहे, पण तो कुठल्या पक्षाविरुद्ध किंवा मताविरुद्ध नाही. तो समजण्याच्याच विरुद्ध आहे. हे मी नोकरी सोडल्यावर वाचलं आणि वहीतला माझा शेरा आठवला. 'नको. समजावून सांगत बसतात.' त्यांनी ज्या आजाराचं निदान केलं, त्याची औषधाची चिठ्ठी मी उलटी लिहीत होते.

पुढे तिथे ब्रायन वॉल्डन आले. १९७७ साली खासदारकी सोडून या खुर्चीत बसलेला माणूस. त्यांच्या मुलाखतींची तयारी कशी व्हायची, तर पहिल्या प्रश्नाला पाहुणा काय काय उत्तरं देऊ शकतो ते आधी मांडायचं, प्रत्येक उत्तरापुढे पुढचा प्रश्न काढायचा, त्याच्या उत्तरांपुढे त्याच्या पुढचा. बुद्धिबळातल्यासारखं. आवाज चढवायची गरज पडायची नाही, कारण पळायच्या वाटा आधीच माहीत असायच्या.

या पद्धतीचं फळ १९८९ साली दिसलं. तोवर 'वीकेंड वर्ल्ड' बंद झाला होता, कार्यक्रम दुसरा होता, मुलाखत घेणारा माणूस तोच. २६ ऑक्टोबरला, गुरुवारी, अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी राजीनामा दिला. भांडण पंतप्रधान थॅचर यांचे आर्थिक सल्लागार ॲलन वॉल्टर्स यांच्यावरून होतं. तिसऱ्या दिवशी, रविवारी, थॅचर वॉल्डनसमोर. सल्लागाराला काढलं असतं तर अर्थमंत्री राहिले असते का, हा एक प्रश्न वॉल्डन यांनी धरला तो सोडला नाही. थॅचर यांचं उत्तर: माहीत नाही. वॉल्डन त्यांचे विरोधक नव्हते बरं का, उलट चाहते म्हणूनच ओळखले जात. आणि पुढच्या रविवारी, ५ नोव्हेंबरला, त्याच वॉल्डनसमोर लॉसन स्वतः येऊन बसले आणि म्हणाले, सल्लागाराला काढलं नाही तर मी राहणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

संपादक महोदय, दोन रविवार आणि दोन माणसं, एका वेळी एकच, आणि प्रश्नही एकच. लॉसन आणि थॅचर यांना एकाच वेळी दोन खिडक्यांत बसवून 'आमनेसामने' केलं असतं, तर काय हाती लागलं असतं याची कल्पना मला आहे. अशा खिडक्या मी हजारांनी भरल्या आहेत. दोघे एकदम बोलले असते, सूत्रसंचालक 'एक मिनिट, एक मिनिट' म्हणाला असता, आणि ब्रेक. नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

तुम्ही म्हणाल, त्यांच्यावर कायद्याची सक्ती होती. हो, होती. ब्रिटनमध्ये परवाना हवा तर गंभीर कार्यक्रम दाखवावेच लागत, आणि १९९०च्या कायद्याने ती पकड सैल केली. हेही खरं की 'वीकेंड वर्ल्ड' फार लोक बघत नसत. सोमवारची वर्तमानपत्रं मात्र त्यावर चालायची. आणि ओरडून टिकता येत नाही असंही मी म्हणणार नाही. 'द मॅकलॉफलिन ग्रुप' नावाचा अमेरिकी साप्ताहिक कार्यक्रम १९८२ ते २०१६ एकमेकांचं बोलणं तोडत मजेत चालला. पण तो पत्रकारांचा अड्डा होता आणि तसाच ओळखला जायचा. सत्तेला जाब विचारतोय असा आव त्याने आणला नाही. तुमच्या प्रोमोतलं वाक्य आहे, 'आता उत्तर द्यावंच लागेल'. एवढं मोठं बोलल्यावर मग पुढचं ऐकून घ्यावं लागतं.

टीआरपीचं म्हणाल, तर तेही बोलून टाकू. ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ आपल्या देशात वृत्तवाहिन्यांचे आठवड्याचे आकडे येणंच बंद होतं. सतरा महिने. कोण पुढे, कोण मागे, कुणालाच कळत नव्हतं. मी तेव्हा तुमच्या इमारतीत होते. आवाज एका घराने उतरला नाही. खिडक्या सहाच्या आठ झाल्या. तेव्हापासून टीआरपीची सबब मी ऐकून घेते, पण मनावर घेत नाही. खरं कारण तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही: खिडकी स्वस्त पडते. पाहुणा घरून बोलतो, बहुतेक जण मानधन मागत नाहीत, बातमीदार पाठवावा लागत नाही, कॅमेरा हलवावा लागत नाही. भांडण हा टीव्हीवरचा सर्वांत कमी खर्चाचा मजकूर आहे. प्रेक्षकांना हेच आवडतं, ही आपण नंतर लावलेली रंगसफेदी. माझे वडील अशा चर्चा आवाज बंद करून बघतात आणि खालची पट्टी वाचतात. तुमच्या हिशेबात तेही प्रेक्षकच.

आता तक्रारी. नवी वाहिनी असती तर लिहिल्या नसत्या, पण तुमचं घर मी आतून पाहिलंय.

सगळ्यात मोठी आधी. कार्यक्रमाची घोषणा व्हायच्या दोन महिने आधी तुम्ही संदर्भ विभाग बंद केलात. तीन माणसं होती. एकाला वेबवर पाठवलं, दोघांना घरी. या तिघांकडे कुणी कधी काय म्हणालं याचा ताळेबंद होता. कुठल्या टेपवर, कितव्या मिनिटाला, हेसुद्धा. 'मीट द प्रेस'चे टिम रसर्ट यांनी १९९१ ते २००८ ही खुर्ची गाजवली ती कशाच्या जोरावर? समोरच्या माणसाचं जुनं वाक्य पडद्यावर अक्षरांत दाखवायचं, वाचायचं, आणि शांतपणे विचारायचं: तेव्हा हे म्हणालात, आज ते म्हणताय, मधे काय घडलं? यात पाहुण्याचा अपमान नाही. पण सुटकाही नाही, कारण समोर विरोधक नसतो, आपलंच वाक्य असतं. हे करायला आवाज लागत नाही, संदर्भ विभाग लागतो. तो मोडून तुम्ही स्टुडिओत नवी एलईडी भिंत बसवलीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ब्रेकबद्दल मला एक प्रसंग सांगायचाय. मागे एकदा तुमच्याकडे असाच शनिवार-रविवारचा मुलाखतीचा प्रयोग झाला होता, आठवत असेल. एक मंत्री स्टुडिओत आले होते. सूत्रसंचालक तरुण मुलगी, दोन रात्री जागून तयारी केलेली. एका योजनेचे पैसे लोकांच्या खात्यात का पोचले नाहीत, हा प्रश्न तिने विचारला. मंत्री योजनेचं महत्त्व सांगू लागले. तिने पुन्हा विचारलं. मंत्री मागच्या सरकारवर गेले. मी फ्लोअरवर कॅमेऱ्याच्या बाजूला उभी होते, तिथून टेबलाखालचा त्यांचा हात दिसत होता. कॉलर माइकची वायर ते तर्जनीभोवती गुंडाळत होते, एक वेढा, दोन वेढे. ती तिसऱ्यांदा विचारणार हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि टॉकबॅकवर, म्हणजे नियंत्रण कक्षातून कानात, आवाज आला: 'ब्रेक घे. आत्ता. ब्रेक.' तिने घेतला. चार मिनिटं. त्या चार मिनिटांत मंत्र्यांचा माणूस हातात फोन घेऊन नियंत्रण कक्षाकडे गेला आणि परत आला. ब्रेकनंतरचा पहिला प्रश्न होता: 'आगामी निवडणुकीत युती होणार का?' मंत्री हसले. बोटावरची वायर सुटली.

ती मुलगी आता या व्यवसायात नाही. तो प्रयोगही सातव्या भागानंतर बंद पडला, आणि कारण लिहिलं गेलं, 'प्रतिसाद नाही'.

तिसरी तक्रार बिरुदांची. 'राजकीय विश्लेषक' या दोन शब्दांखाली मी कुणाकुणाला बसवलंय, याची यादी माझ्या वहीत आहे. एक जण एका पक्षाचं निवडणुकीचं काम पैसे घेऊन करत होता. एक जण तिकिटाच्या रांगेत होता. एक तर परवापर्यंत प्रवक्ताच होता. पट्टीवर काय जायचं ते मीच टाइप करत असे, आणि पाहुण्याने सांगितलं तेच टाइप करत असे. प्रेक्षकाला तो तटस्थ जाणकार वाटायचा. ही फसवणूक आहे आणि तिच्यात माझाही हात आहे.

गुरुवारी चित्रित केलेली मुलाखत रविवारी 'लाइव्ह' अशा खुणेसह दाखवणं, प्रश्न आधी पाठवणं, कोणते विचारायचे नाहीत ते कबूल करणं, यावर जास्त लिहीत नाही. हे होतं, तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आता वाचकांनाही माहीत झालं.

प्रायोजक हा मात्र वेगळा मुद्दा. जाहिरातीशिवाय व्यापारी वाहिनी चालत नाही, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ज्या उद्योगाची फाइल सरकारदरबारी अडकलेली आहे, त्याच्याच सौजन्याने त्या खात्याच्या मंत्र्याची मुलाखत असेल, तर प्रेक्षकाला निदान ते सांगा. सांगायला पाच सेकंद लागतात. आणि शासकीय जाहिराती मिळवून देणारा माणूस संपादकीय बैठकीत बसतो, त्याला बाहेर बसवा. मी होते तेव्हा तो माझ्या शेजारच्या खुर्चीत असायचा. स्वभावाने फार चांगला. पण तो खोलीत असला की काही विषय निघतच नसत. त्याला काही बोलावंही लागत नसे.

शेवटची तक्रार, आणि ही मला वाटतं तुम्हाला तक्रार वाटणारच नाही. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम झाला ती माणसं तुमच्या सहा चौकटींत कधीच नसतात. धरणावर चर्चा झाली, धरणात घर गेलेलं कुणी नव्हतं. शाळांवर झाली, शिक्षक नव्हता. विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'त्यांना टीव्हीवर बोलता येत नाही.' आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल देताना म्हटलं, की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची मक्तेदारी मोडायला त्या निकालाचा आधार झाला. तो तुमच्या बाजूने वापरला गेला तेव्हा सगळ्यांना पाठ होता. मालमत्ता सार्वजनिक असेल तर मालकाला, म्हणजे लोकांना, कधीतरी बोलता येऊ द्या. अडखळत का होईना.

तर मागण्या. मी नियामक नाही, न्यायालयात जाणार नाही, बहिष्काराची हाक देणार नाही. मागते तेवढंच.

पहिला भाग लांबला तरी चालेल, पण संदर्भ विभाग परत सुरू करा; तिघांना, आणि शक्य असेल तर त्याच तिघांना, परत बोलवा.

एका रविवारी एकच विषय घ्या आणि मुख्य पाहुणाही एकच. चर्चा हवी असेल तर मुलाखत संपल्यावर करा, आणि दोनपेक्षा जास्त माणसं नकोत. ब्रेक कुठे येणार ते चित्रीकरणाआधी कागदावर ठरवा आणि मग कुणाचाही फोन आला तरी हलवू नका.

प्रत्येक पाहुण्याचं पक्षाशी, उमेदवाराशी किंवा संबंधित उद्योगाशी नातं असेल तर ते नावाखालच्या पट्टीवर लिहा. विश्लेषक हा शब्द वर्षभर बंद ठेवला तरी बिघडणार नाही. चित्रित भागावर 'चित्रित' आणि तारीख लिहा.

दर भागाची पहिली पाच मिनिटं आधीच्या भागासाठी ठेवा. मागच्या रविवारी अमुक म्हणाले, आम्ही तपासलं, हे खरं निघालं, हे नाही. आपली चूक झाली असेल तर तीही इथेच, त्याच आवाजात. साप्ताहिकाला स्मरणशक्ती असली तर पाहुणा दुसऱ्यांदा येताना विचार करून येतो. यायचं टाळलं तर खुर्ची रिकामी दाखवा आणि निमंत्रण कधी दिलं, उत्तर काय आलं, ते वाचून दाखवा. रोज एकदा खिल्ली उडवण्यापेक्षा हे जास्त बोचतं, अनुभवाने सांगते.

आणि प्रोमो बदला. काच फुटल्याचा आवाज तरी काढा.

या सगळ्याने पहिल्या तीन महिन्यांत आकडे वाढतील असं मी म्हणत नाही. बहुधा वाढणार नाहीत. रविवारी सकाळी अकराचा वेळ तुमच्याकडे तसाही स्वस्तात जातो. टेलिशॉपिंगला देत होतात, मला आठवतं. त्या पडीक तासात एक वर्षाचा प्रयोग तुम्हाला परवडतो. सातव्या भागाला 'प्रतिसाद नाही' लिहून फाइल मिटवू नका, एवढंच.

राहता राहिली माझी वही. तुमच्या नोकरीत ती भरली, तेव्हा तिच्यावर तुमचाही हक्क आहे. काल रात्री बसून 'नको' लिहिलेली नावं मोजली. एकेचाळीस निघाली. पाणी समजणारा एक अभियंता, पोटनिवडणुकांचे आकडे तोंडपाठ असलेल्या एक बाई, विधेयकं अक्षरशः वाचणारा एक वकील, दोन निवृत्त सनदी अधिकारी, आणि ते प्राध्यापक. काही आता हयात नसतील. उरलेल्यांना मी स्वतः फोन करून विचारीन, माफी मागीन, आणि ते हो म्हणाले तर नंबर तुमच्याकडे पाठवीन. तुमचा मंत्र्यांना विचारायचा प्रश्न या माणसांना शुक्रवारी दाखवा. ते तुम्हाला पुढचे चार काढून देतील.

आपली,
गेस्ट कोऑर्डिनेशनची एक जुनी सहकारी